सागवानाने तगवलेली युद्धनौका

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल बंदरात तीन डोलकाठ्यांची एक जुनी युद्धनौका आजही पाण्यावर तरंगते आहे. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पागोटे घातलेल्या भारतीय पुरुषाची मूर्ती आहे, कारण ‘एचएमएस ट्रिंकोमली’ ही नौका मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी तेथेच पाण्यात उतरली. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धांत ब्रिटनमधील ओकचे लाकूड अपुरे पडू लागले होते, म्हणून हे काम जमशेटजी बमनजी वाडिया यांच्याकडे आले आणि त्यांनी मलबारचे सागवान वापरले. तिच्या आराखड्यांची पहिली प्रत घेऊन मुंबईकडे निघालेली ‘जावा’ ही नौका 1812 मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ब्राझीलजवळ लढाईत नष्ट केली, त्यामुळे दुसरी प्रत पाठवावी लागली. आज तरंगत असलेल्या युद्धनौकांत ही ‘कॉन्स्टिट्यूशन’च सर्वांत जुनी आहे आणि तिच्या खालोखाल ट्रिंकोमलीचा क्रमांक लागतो, हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो.

नौका 1819 मध्ये पोर्ट्समथला पोचली तेव्हा युद्ध संपले होते. 1845 पर्यंत ती राखीव पडून राहिली, क्रिमियन युद्धाच्या काळात प्रशांत महासागरात होती आणि नंतर प्रशिक्षणासाठी वापरली गेली. 1897 मध्ये ती भंगारात विकली गेली, पण जेफ्री व्हीटली कॉब यांनी ती विकत घेऊन ‘फूद्रोयां’ या नावाने तरुणांच्या प्रशिक्षणाला लावली. ते काम 1986 मध्ये थांबले आणि पुढच्या वर्षी जीर्ण झालेली ही नौका बार्जवर चढवून हार्टलपूलला आणावी लागली.

इतकी हेळसांड होऊनही ती टिकली, याचे मोठे श्रेय सागवानाच्या रसायनशास्त्राला द्यावे लागते. ओकमधील टॅनिक आम्ल लोखंडी खिळे आणि बोल्ट गंजवते, आणि त्या गंजामुळे भोवतालचे लाकूडही दुबळे होत जाते. सागवानात असा उपद्रव फारच कमी होतो. शिवाय त्यातील नैसर्गिक तेल पाण्याला अटकाव करते आणि टेक्टोक्विनोनसारखी संयुगे बुरशीला व वाळवीला दूर ठेवतात.

तरीही सागवान अमर नसते. समुद्राचे पाणी लाकडाचा नाश करते असा आपला समज असतो, पण जुन्या लाकडी जहाजांना अधिक भय पावसाच्या गोड्या पाण्याचे असते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. पाण्याखालच्या चिंब लाकडात तिला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि खारेपणाही तिला मानवत नाही. उलट डेकच्या फटींतून झिरपलेले पावसाचे पाणी तुळयांच्या टोकांशी आणि आतल्या सांध्यांत साचून राहते, तेव्हा बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई आतून भुसा झालेली असू शकते. म्हणून अशा नौकेच्या दुरुस्तीचा आरंभ ठोकून आवाज ऐकणे, टोचून पाहणे आणि ओलावा मोजणे अशा चिकाटीच्या तपासणीने होतो.

दुसरी अडचण आकाराची असते. नौकेचा मधला भाग रुंद असल्यामुळे पाणी त्याला भरपूर उचलून धरते, तर निमुळत्या टोकांना तेवढा आधार मिळत नाही. परिणामी अनेक दशकांत टोके खाली झुकतात आणि तळाचा कणा मध्यभागी वर उचलला जातो. हा बाक घाईने सरळ करू पाहिल्यास बोल्ट ओढले जाऊन सांधे फाटतात, त्यामुळे आधार हळूहळू आणि मोजून द्यावे लागतात.

ट्रिंकोमलीचे काम 1990 मध्ये सुरू होऊन 2001 मध्ये पूर्ण झाले आणि दरम्यान तिला तिचे मूळ नावही परत मिळाले. नव्या लाकडाने सगळी नौका पुन्हा घडवणे कदाचित सोपे गेले असते, पण मग मुंबईच्या सुतारांच्या हत्यारांचे वळण आणि जोडकामाची रीत यांचा पुरावा त्याच लाकडाबरोबर फेकला गेला असता. तो मोह टाळून कुजलेला भाग तेवढा बदलला गेला, हेच मला या कामातील सर्वांत मोलाचे वाटते: तिचे निम्म्याहून अधिक लाकूड आजही मूळचे आहे. पाऊस मात्र थांबत नाही, आणि म्हणून डेकच्या फटी पुन्हा पुन्हा पिंजलेल्या दोराने व डांबराने भरण्याचे काम कधीच संपत नाही.