खुलासा: मुलांच्या वॉर्डात काम करायला डॉक्टरच व्हावं लागतं?

‘बारावीला सायन्स नव्हतं ना तुझं? मग हॉस्पिटलात मुलांसाठी काय करणार, फुगे वाटणार?’ परळच्या बसस्टॉपवर एका मावशींनी भाचीला सुनावलं. हा समज फार जुना आहे, आणि चुकीचा. मुलांच्या वॉर्डात वैद्यकीय समाजसेवकही काम करतात.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक १९४६ सालची. या पदासाठी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) लागतं. त्याला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. हे शिकवणारी देवनारची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन कॉलेज, दोन्ही लोकलच्या टप्प्यात.

कामाचं म्हणाल तर निम्मा दिवस कागदांत जातो: रेशनकार्ड, जनआरोग्य योजनेचा अर्ज, गावाहून आलेल्या आईबापांच्या राहण्याची सोय. उरलेला मुलांसोबत. सलाईनला घाबरलेल्या पोराच्या हातात बाहुली द्यायची, तिच्या मनगटाला पट्टी त्यालाच चिकटवू द्यायची. ‘दुखणार नाही’ असं मात्र म्हणायचं नाही. दुखतंच, ‘मुंगी चावल्यासारखं, मग थांबेल’ असं खरं सांगितलेलं पोराला चालतं.

फुगे? तेही वाटतात कधीकधी. पण कॅन्सर वॉर्डात आधी सिस्टरला विचारून.