नॉक्टर्न

नॉक्टर्न : पियानोसाठी लिहिलेला, संथ लयीचा आणि गाण्यासारख्या सुरावटीचा छोटा संगीतप्रकार. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय रोमँटिक संगीताने जे नवे प्रकार रुजवले त्यांतला हा सर्वांत जिव्हाळ्याचा. डाव्या हाताची सुट्या स्वरांची हलती बैठक, तिच्यावर उजव्या हाताची एकच लांब सुरावट आणि या दोघांना बांधून ठेवणारे पेडल (पायाने दाबायची कळ) एवढेच त्याचे भांडवल. बहुतेक रचना चार ते सहा मिनिटांच्या असतात. आयरिश पियानोवादक जॉन फील्ड (१७८२–१८३७) याने हा प्रकार घडवला आणि पोलिश रचनाकार फ्रेदेरिक शोपँ (१८१०–१८४९) याने तो आज ज्या उंचीवर आहे तिथे नेला.

‘नॉक्टर्न’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘रात्रीचे’. अठराव्या शतकात ‘नोत्तुर्नो’ हे इटालियन नाव संध्याकाळच्या मेजवानीत किंवा बागेत वाजवायच्या वाद्यवृंद-संगीताला असे. मोझार्टची ‘सेरेनाता नोत्तुर्ना’ (१७७६) त्यातलीच. तिच्यात दोन छोटे वाद्यसमूह आहेत आणि सुरुवातच कूच-चालीने होते. फील्डने या परंपरेतून फक्त नाव उचलले.

नॉक्टर्न समजायचे तर आधी पियानोची अडचण समजली पाहिजे. हातोडी तारेवर आदळली की स्वर उमटतो आणि त्याच क्षणापासून विझू लागतो. गायकाला स्वर धरता येतो, फुगवता येतो, सारंगीला गज ओढता येतो. पियानोवर पट्टी दाबल्यानंतर त्या स्वराचे काहीच करता येत नाही. वरच्या सप्तकांत तर तो फारच लवकर मालवतो. मींडही नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मधला स्वर या वाद्यात नाहीच. असे हे वाद्य गायला कसे लावायचे, याची उत्तरे म्हणजे नॉक्टर्न. त्यातली डाव्या हाताची ठेवण, पेडल, अलंकार आणि लयीची सैल-ताण या सगळ्यांचे मूळ या एका अडचणीत आहे.

फील्ड आणि डावा हात

फील्ड डब्लिनचा. लहानपणीच तो लंडनला मुझियो क्लेमेंटी याच्याकडे उमेदवारीला लागला. क्लेमेंटी वादक, रचनाकार आणि पियानोचा व्यापारी. गिऱ्हाइकांना वाद्ये वाजवून दाखवण्याचे काम फील्डकडे असे. त्या काळच्या इंग्लिश पियानोचा नाद भरदार असे आणि पट्टी सोडल्यावरही थोडा रेंगाळे, तर व्हिएन्नाच्या पियानोत तो चटकन तुटे. फील्डचा कान रेंगाळणाऱ्या नादावर तयार झाला. १८०२ मध्ये तो क्लेमेंटीबरोबर पॅरिस आणि व्हिएन्नामार्गे सेंट पीटर्सबर्गला गेला आणि पुढे रशियातच राहिला. १८१२ पासून त्याची नॉक्टर्न छापली जाऊ लागली. यातल्या काही रचनांना आधी ‘रोमान्स’ म्हटलेले आढळते. मोजणीप्रमाणे त्याची नॉक्टर्न सोळा ते अठरा भरतात.

त्याच्या आधीच्या पियानो-संगीतात डावा हात बहुधा एका वितीत बसणारे तीन स्वर आलटून पालटून वाजवी. फील्डने ही मांडणी उलगडून पसरली. खर्जाचा एक स्वर खाली, मग हात उचलून बाकीचे स्वर सप्तक-दीड सप्तक वर. खर्ज वाजवून बोट उठते तेव्हा पेडलने तारांचा नाद थांबवणारे सगळे दाबक उचललेले असतात, म्हणून तो स्वर मागे घुमत राहतो. मोकळ्या राहिलेल्या इतर ताराही त्याच्या उपस्वरांना साद देतात. तानपुऱ्याच्या जवारीची आठवण व्हावी असे एक आवरण तयार होते आणि वरची विझणारी सुरावट त्यावर तरंगते. स्वर दूर दूर ठेवण्याला कारण आहे. खालच्या सप्तकात जवळजवळचे स्वर पेडलखाली एकत्र वाजले की गढूळ गुरगुर होते. तेच अंतरावर ठेवले तर प्रत्येक वेगळा ऐकू येतो.

शोपँची नॉक्टर्न

शोपँ आपल्या शिष्यांना फील्डची नॉक्टर्न शिकवी. स्वतः त्याने एकवीस लिहिली. त्यातली अठरा त्याच्या हयातीत निघाली : ओपस (रचनाकाराच्या रचनांचा क्रमांक) ९ आणि १५ मध्ये तीन-तीन (१८३२ व १८३३) आणि ओपस २७, ३२, ३७, ४८, ५५, ६२ मध्ये दोन-दोन (१८३६ ते १८४६). उरलेली तीन मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. १८३० च्या सुमाराचे सी-शार्प मायनर (मायनर आणि मेजर हे पाश्चात्त्य स्वरसप्तकाचे दोन ढंग) नॉक्टर्न, जे आज घरोघर वाजते, ते १८७५ मध्ये छापले गेले. ओपस ९ आले तेव्हा बर्लिनचा समीक्षक लुडविग रेलश्टाब याने फील्डशी तुलना करून त्यावर झोड उठवली होती. त्याच्या लेखी हे सगळे अति तिखट होते. लंडनच्या प्रकाशकाने याच संचाला ‘सीन नदीची कुजबुज’ अशा अर्थाचे नाव चिकटवले. असली नावे शोपँला मुळीच खपत नसत, आणि त्याचे बरोबरच होते. या रचनांत नदी किंवा चांदणे शोधू लागले की त्यातली बांधणी ऐकायची राहून जाते.

ओपस ९ मधले दुसरे नॉक्टर्न, ई-फ्लॅट मेजर, जवळून पाहण्यासारखे आहे. एका बारमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या एका आवर्तनात, बारा ठोके, तीन-तीनच्या चार गटांत. प्रत्येक गटात डावा हात पहिल्या ठोक्याला खर्ज आणि पुढच्या दोन ठोक्यांना मधल्या सप्तकातले स्वरसंघात (एकदम वाजणारे स्वर) वाजवतो. हा नमुना जवळजवळ शेवटपर्यंत बदलत नाही. उजवा हात ‘बी-फ्लॅट’ स्वरावरून एकदम वरच्या ‘जी’ स्वरावर झेप घेतो. सुगम संगीतात गायिका मुखड्याला जशी वर जाते तशीच ही उडी. हा चार बारचा मुखडा एकूण चारदा येतो आणि एकदाही तसाच्या तसा येत नाही. दुसऱ्या वेळी स्वरांभोवती मुरक्या येतात, पुढे ट्रिल (लगतच्या दोन स्वरांची जलद आलटापालट) आणि छोट्या ताना. शेवटी लय थांबवून बारीक स्वरांची एक लांब झुळूक येते आणि रचना अतिशय हळू आवाजात मिटते. सगळे मिळून चौतीस बार.

हे अलंकार सजावटीसाठी लावलेले नाहीत. जिथे एकटा लांब स्वर विझून पोकळी पडली असती, तिथे शोपँ त्याच्याभोवती स्वर फिरवतो आणि कानाला तो मूळ स्वर चालूच असल्यासारखा वाटतो. या युक्तीचे टोक त्याच्या हयातीतल्या शेवटच्या संचात, ओपस ६२ च्या पहिल्या नॉक्टर्नमध्ये सापडते. तिथे मुख्य सुरावट परत येते ती सलग ट्रिलमध्ये, म्हणजे प्रत्येक स्वर थरथरत जिवंत ठेवलेला. हे शोपँचे सर्वांत मोठे नॉक्टर्न नव्हे, पण या प्रकाराचा गाभा त्याच्याइतका उघडा दुसरीकडे कुठे दिसत नाही.

बांधणी बहुतेक वेळा तीन भागांची असते : शांत मुखडा, मध्ये वेगळा आणि बहुधा अशांत भाग, मग मुखड्याची परत. पण शोपँने ती पुष्कळदा मोडली. ओपस १५ च्या तिसऱ्यात मुखडा परत येतच नाही. प्रार्थनेसारख्या संथ भागावर ते संपते. ओपस ३२ चे पहिले मेजरमध्ये गोड चालता चालता अखेरीस मायनरमधल्या बोलल्यासारख्या तुकड्यांवर आदळते. ओपस ४८ च्या पहिल्यात, सी मायनरमध्ये, मधल्या भागातून सप्तकांचे लोंढे उसळतात आणि मुखडा दुप्पट चालीत, दाट स्वरसंघातांवर परततो. ‘रात्रीचे हळुवार संगीत’ ही कल्पना घेऊन याला सामोरे जाणाऱ्याला धक्का बसतो.

वाजवताना

पेडलचा क्रम असा. खर्ज वाजवावा, तो वाजल्यानंतर लगेच पाय खाली न्यावा, वरचे स्वर वाजेपर्यंत तो तसाच ठेवावा, पुढच्या स्वरसंघाताचा खर्ज वाजण्याच्या नेमक्या क्षणी पाय उचलावा आणि तो स्वर बोटाखाली असतानाच पुन्हा दाबावा. थोडक्यात, बोट खाली जाताना पाय वर येतो. नवशिके दोन्ही एकदमच खाली नेतात, त्यामुळे आधीचा स्वरसंघात नव्यात मिसळतो. पाय फार आधी उचलला तर खर्ज तुटतो आणि सुरावट अधांतरी लटकते. शोपँने लिहिलेल्या पेडलच्या खुणा १८३० च्या दशकातल्या प्लेयेल कंपनीच्या पियानोवरच्या आहेत. त्याच्या तारा बारीक आणि नाद हलका. आजच्या पावणेतीन मीटर लांबीच्या मैफली पियानोत खर्ज कितीतरी जास्त वेळ घुमतो, म्हणून त्याच खुणा जशाच्या तशा पाळल्या तर चिखल होतो. उपाय अर्ध्या पेडलचा : पाय पूर्ण न सोडता इतकाच उचलायचा की दाबक तारांना निसटता स्पर्श करतील. वरचे स्वर पुसले जातात आणि जाड तारांचा खर्ज टिकतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या कीबोर्डचे पेडल फक्त ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढेच जाणते. त्यावर हे जमत नाही. घरी डिजिटल वाद्यावर नॉक्टर्न बसवायचे असेल तर ८८ पट्ट्या आणि अर्धे पेडल या दोन गोष्टी आधी तपासाव्यात.

आवाजाचे प्रमाण तीन पातळ्यांचे. सुरावट सर्वांत पुढे, खर्ज तिच्या मागे, आणि मधले स्वरसंघात जेमतेम ऐकू येतील इतके. बहुतेकांचे नेमके उलटे होते, कारण डावा अंगठा जड पडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला बँडच्या वरातीसारखी ‘ऊम-पा-पा’ लागते. डाव्या हाताची बोटे पट्ट्यांना टेकलेलीच ठेवून, पट्टी पूर्ण वर येण्याआधी पुन्हा दाबली की हे बरेच निवळते. उजव्या हातासाठी एक पथ्य महत्त्वाचे : लांब स्वरानंतर येणारा स्वर, तो लांब स्वर विझत विझत जिथे पोचला असेल, त्याच आवाजात उचलायचा. सुरुवातीच्या जोरात उचलला तर दोन स्वरांचा धागा तुटतो आणि हातोडी ऐकू येते.

ओपस ९ च्या पहिल्या नॉक्टर्नमध्ये दुसऱ्याच बारला उजव्या हाताचे अकरा स्वर डाव्याच्या सहांवर बसवायचे असतात, आणि पुढच्या बारला बावीस स्वर बारांवर. इथे गणित मांडणारे अडकतात. दोन-दोनच्या जोड्या लावत गेले की शेवटचा स्वर एकटा उरतो आणि ठेच लागते. डावा हात मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्रावर) पक्का करावा, उजव्याचे अकरा स्वर एकसारख्या वेगात स्वतंत्रपणे घोटावेत आणि जोडताना फक्त सुरुवात आणि पोचायची जागा एवढीच सांभाळावी. मधले कोणते दोन स्वर एकमेकांवर पडतात याकडे लक्षच देऊ नये. लहान आकारात छापलेले अलंकार मात्र ठोक्याच्या आधी उरकायचे नाहीत. शोपँने शिष्यांच्या प्रतींत पेन्सिलने रेघा ओढून अलंकाराचा पहिला स्वर खर्जाशी जोडून दाखवला आहे.

रुबातो, म्हणजे लयीची सैल-ताण, हा सर्वांत गैरसमज झालेला भाग. शोपँचा शिष्य कारोल मिकुली सांगतो की शिकवताना मेट्रोनोम पियानोवरून हलत नसे; डावा हात लयीत राही आणि मोकळीक उजव्याला असे. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तबलजी ठेका सोडत नाही, गायक मात्रेच्या अलीकडे-पलीकडे बोल टाकतो आणि समेला येऊन मिळतो. फरक इतकाच की इथे गायक आणि तबलजी एकाच माणसाच्या दोन हातांत आहेत आणि स्वर सगळे लिहिलेले आहेत. दोन्ही हात एकदम रेंगाळवले तर त्याला रुबातो म्हणता येत नाही, ती नुसती ढिलाई होते.

चालीबद्दलही तेच. ई-फ्लॅट नॉक्टर्नला शोपँनेच मिनिटाला १३२ ठोके अशी खूण दिली आहे. बाराच्या हिशेबाने एक बार साधारण साडेपाच सेकंदांचा, म्हणजे सगळी रचना तीन मिनिटांच्या आसपास. आज ती सहसा सव्वाचार-साडेचार मिनिटे चालते. इतक्या संथ चालीत स्वर पुढच्या स्वरापर्यंत पोचण्याआधीच विझतो आणि उडीनंतरचा तो ‘जी’ स्वर एकटा पडतो. खूण तंतोतंत पाळली नाही तरी तिच्या जवळ जाऊन पाहावे. सुरावट आपोआप एका श्वासात येते. पुढच्या काळात शोपँने मेट्रोनोमच्या खुणा देणे सोडले.

इतर रचनाकार

क्लारा शुमानचे ‘नोत्तुर्नो’ (ओपस ६, १८३६) तिच्या विशीच्या आतले आहे आणि त्याला मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी. लिस्टने १८५० मध्ये आपल्याच तीन गीतांची पियानो-रूपे ‘लीबेस्ट्रॉइमे’ या नावाने आणि ‘तीन नॉक्टर्न’ या उपशीर्षकाने छापली. फील्डच्या नॉक्टर्नच्या आवृत्तीला प्रस्तावनाही त्यानेच लिहिली. मेंडेल्सझोनने शेक्सपिअरच्या नाटकासाठी (१८४३) आणि बोरोदिनने आपल्या चार तंतुवाद्यांच्या दुसऱ्या वाद्यमेळात (१८८१) हे नाव पियानोबाहेर नेले. तिथे हॉर्नला आणि चेलोला स्वर धरता येतो, त्यामुळे मूळ अडचणच संपते आणि नाव फक्त भावाचे उरते. डेबुसीच्या वाद्यवृंदासाठीच्या ‘नॉक्टर्न’ (१८९९) तर व्हिसलरच्या चित्रांच्या नावांवरून सुचलेल्या आहेत, आणि व्हिसलरने ते नाव संगीतातूनच घेतले होते.

पियानोवर जुना प्रश्न चालू राहिला. उजव्या हाताला इजा झालेल्या स्क्र्याबिनने १८९४ मध्ये एकट्या डाव्या हातासाठी नॉक्टर्न लिहिले : खर्ज वाजवून पेडलच्या भरवशावर सोडायचा आणि तोच हात वर नेऊन सुरावट गायची. फ्रान्समध्ये गाब्रिएल फोरेने जवळजवळ अर्ध्या शतकात तेरा नॉक्टर्न लिहिली. उतारवयात त्याची श्रवणशक्ती ढासळली. अगदी वरचे आणि अगदी खालचे स्वर त्याला विकृत ऐकू येत. शेवटचे, बी मायनरमधले तेरावे नॉक्टर्न त्याने १९२१ च्या अखेरीस पूर्ण केले. त्याच्या सुरुवातीला फील्डची पसरलेली बैठक दिसत नाही. चार स्वररेषा मधल्या सप्तकांत एकमेकींच्या अंगाला लागून चालतात आणि एक विझण्याआधी दुसरी स्वर उचलते.