राकेश शर्मांनी अवकाशात नेमकं काय केलं?

अवकाशात गेलेले पहिले भारतीय राकेश शर्मा म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो इंदिरा गांधींशी झालेला संवाद आणि 'वरून भारत कसा दिसतो' या प्रश्नाला त्यांनी दिलेलं 'सारे जहाँ से अच्छा' हे उत्तर. उत्तर सुंदरच होतं. पण त्या काही सेकंदांच्या कौतुकात त्यांचं जवळजवळ आठ दिवसांचं काम झाकलं गेलं, याची खंत वाटते.

शर्मांचा जन्म १९४९चा, पतियाळाचा. शिक्षण हैदराबादला आणि नंतर आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. १९७१च्या युद्धात त्यांनी मिग-२१ चालवलं. १९८२मध्ये सोव्हिएत संघाच्या मोहिमेसाठी त्यांची निवड झाली. बंदिस्त जागेत जीव घाबरा होतो का, हे पाहण्यासाठी त्यांना बंगळुरूत तब्बल ७२ तास एका खोलीत कोंडून ठेवलं होतं. पुढचं प्रशिक्षण मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत, तेही रशियन भाषेत. म्हणजे आधी भाषा शिकणं आलं. सोबत रवीश मल्होत्रा होते. तेवढीच मेहनत करून, ऐनवेळी गरज पडली तर, म्हणून ते जमिनीवर राहिले. त्यांचं नावही आपण घेत राहायला हवं.

३ एप्रिल १९८४ रोजी बैकानूरच्या सोव्हिएत प्रक्षेपणतळावरून सोयूझ टी-११ हे यान निघालं. युरी मालिशेव कमांडर, गेन्नादी स्त्रेकालोव फ्लाइट इंजिनिअर. साल्युत-७ या अवकाशस्थानकावर तिघे जण आधीपासून मुक्कामाला होते, त्यातले ओलेग अत्कोव तर डॉक्टर.

तिथे वजन का जाणवत नाही? तिथवर गुरुत्वाकर्षण पोचत नाही, हा सर्रास आढळणारा गैरसमज. काही शे किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या तुलनेत थोडंसंच कमी असतं. स्थानक आणि आतली माणसं, दोन्ही एकाच वेगाने पृथ्वीकडे पडत असतात. दोर तुटलेल्या लिफ्टमधल्या माणसासारखी. फक्त आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त असल्याने पडता पडता ती पृथ्वीला वळसा घालतात आणि साधारण दीड तासात एक फेरी पुरी करतात.

शरीराला मात्र हे झेपत नाही. पायांकडे ओढलं जाणारं रक्त आणि पाणी वर सरकतं, चेहरा सुजतो, नाक चोंदतं. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते आणि मळमळ सुरू होते. भार नसल्याने स्नायू आणि हाडं झिजू लागतात. योगासनांचा यावर काही उपयोग होतो का, हा शर्मांच्या प्रयोगांपैकी एक होता. पण पायाखाली जमीनच नसेल तर आसन करायचं कसं? त्यासाठी लवचीक पट्ट्यांचा खास साज तयार केला होता, तो अंगाला बांधून ते आसनं करत. एका माणसावरच्या अशा प्रयोगातून ठाम निष्कर्ष निघत नाही. तरी प्रश्न अगदी योग्य होता.

मला जास्त मोलाचं वाटतं ते छायाचित्रणाचं काम. स्थानकावरचा एमकेएफ-६एम हा कॅमेरा एकाच दृश्याची सहा वेगवेगळ्या प्रकाशपट्ट्यांत, म्हणजे प्रकाशाच्या सहा वेगवेगळ्या भागांत, छायाचित्रं टिपत असे. निरोगी पान लाल रंगाला लागून असलेला, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतं, पाणी तो शोषून घेतं. त्यामुळे पिकं, जंगलं, जलसाठे वेगळे ओळखता येतात. आपला आयआरएस-१ए हा दूरसंवेदन, म्हणजे वरून जमिनीची पाहणी करणारा, उपग्रह १९८८मध्ये उडाला, तोही बैकानूरहूनच. त्याच्या चार वर्षं आधी एक भारतीय माणूस आपल्या भूमीची अशी छायाचित्रं घेत होता. याशिवाय चांदी आणि जर्मेनियमच्या मिश्रधातूचा प्रयोगही होता: वितळलेला धातू गोठणबिंदूच्या खाली नेऊनही तो द्रवरूप कसा राहतो, याचा.

परतताना ते वेगळ्याच यानातून आले. जुनं सोयूझ टी-१० त्यांनी घेतलं आणि नवंकोरं टी-११ स्थानकावरच्या तिघांसाठी ठेवलं. सोयूझ अवकाशात ठरावीक काळच भरवशाचं राहतं, म्हणून ही अदलाबदल. प्रत्येकाच्या अंगाच्या मापाने घडवलेलं सीटचं अस्तरही अशा वेळी एका यानातून काढून दुसऱ्यात बसवावं लागतं. उतरतानाचा दणका पाठीला सोसावा म्हणून. ११ एप्रिलला ते कझाकस्तानात उतरले.

अशोकचक्र मिळालं, सोव्हिएत संघाचा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि शर्मा परत विमानांकडे वळले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात ते मुख्य चाचणी वैमानिक होते. त्यांच्या कारकिर्दीतला हा भाग महाराष्ट्रात तरी जास्त माहीत असायला हवा. यंत्र बिघडलं तरी डोकं शांत ठेवून काय घडतंय ते टिपत राहणं, हे चाचणी वैमानिकाचं रोजचं काम. गगनयान या भारताच्या मानवी अवकाशमोहिमेसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिकच आहेत.

त्या चौघांपैकी शुभांशू शुक्ला जून २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेले. शर्मांनंतर अवकाशात जाणारे ते पहिलेच भारतीय हवाई दल अधिकारी. मध्ये ४१ वर्षं गेली. त्यांनी तिथे मूग आणि मेथीला मोड आणले, आणि वजनरहित अवस्थेत स्नायू का झिजतात याचा अभ्यास केला. १९८४मध्ये लवचीक पट्ट्या बांधून विचारलेला प्रश्न आता पेशींच्या पातळीवर विचारला जातो आहे.