मेंदूच्या पाण्यात सापडलेले अँटीथ्रॉम्बिन

मेंदूतील लिंफोमाचा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाचा, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आधी नजरेत भरते ती पेशींची बैठक. मोठ्या, गडद केंद्रकांच्या बी-पेशी (कर्करोग झालेल्या पांढऱ्या पेशी) बारीक रक्तवाहिनीभोवती थरावर थर रचून कडे करून बसलेल्या असतात, आणि काही तर थेट तिच्या भिंतीत शिरलेल्या दिसतात. या आजारात रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचा संबंध कुठून येतो, याचे निम्मे उत्तर या चित्रातच आहे.

मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातील मोठी प्रथिने सहसा पलीकडे जात नाहीत. यकृतात तयार होणारे फायब्रिनोजेन हे असेच एक अवजड प्रथिन आहे. लिंफोमाने भिंत सैल केली की ते मेंदूच्या ऊतीत झिरपते, आणि तिथे त्याच्यासाठी जणू सापळा लावलेलाच असतो. कारण मेंदूत रक्तस्राव परवडणारा नसल्याने रक्तवाहिन्यांना बाहेरून वेढणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींजवळ गोठण्याची साखळी सुरू करणारा ‘ऊतीघटक’ मुबलक असतो. त्यातून थ्रॉम्बिन तयार होते आणि ते फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे विणते. हे धागे तिथे नुसते पडून राहत नाहीत. मायक्रोग्लिया या मेंदूच्या पहारेकरी पेशी त्यांना चिकटतात व चवताळून दाह वाढवतात.

मात्र निदानाच्या दृष्टीने अधिक उपयोगी ठरले ते गोठणे रोखणारे प्रथिन, अँटीथ्रॉम्बिन. या लिंफोमाचे निदान किचकट आहे. गाठ अनेकदा मेंदूत खोल असते, त्यामुळे बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणे, जोखमीची ठरते. सूज उतरावी म्हणून आधीच स्टेरॉइड दिले गेले असेल, तर गाठ तात्पुरती विरघळते आणि नमुन्यात काहीच सापडत नाही. पाठीच्या कण्यातून मस्तिष्क-मेरुद्रव, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे पाणी, काढून त्यात कर्करोगाच्या पेशी शोधता येतात, पण त्या पुष्कळदा हाती लागत नाहीत. अमेरिकेतील संशोधकांनी 2008 मध्ये याच द्रवातील प्रथिने तपासली, तेव्हा लिंफोमाच्या रुग्णांमध्ये अँटीथ्रॉम्बिन वाढलेले आढळले. त्या अभ्यासात या चाचणीची संवेदनशीलता (आजार असलेल्यांना अचूक ओळखण्याचे प्रमाण) 75 टक्क्यांहून अधिक आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांना अचूक वगळण्याचे प्रमाण) 98 टक्क्यांहून अधिक भरली. माझ्या मते यातला दुसरा आकडा जास्त मोलाचा आहे, कारण आजार नसलेल्या माणसाला लिंफोमा असल्याचे चुकून सांगणे फार महागात पडते. तरीही एवढ्यावर बायोप्सी टाळता येत नाही.

हे प्रथिन केवळ फुटक्या भिंतीतून गळून आले, असेही म्हणता येत नाही. त्याच्या निर्मितीचा आरएनए संदेश खुद्द गाठीत सापडला, आणि प्रथिन नेमके गाठीतील नव्या रक्तवाहिन्यांवर दिसले.

मेंदूबाहेरचे चित्र उलटे आहे; तिथे चिंता असते ती गुठळ्यांची. कर्करोग आणि शिरांमधील गुठळ्या यांचा संबंध फ्रेंच वैद्य आर्माँ त्रुसो यांनी 1865 मध्येच मांडला होता, आणि मेंदूतील लिंफोमाच्या रुग्णांत पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका बराच असतो. अशा वेळी रक्त गोठू न देणारे औषध हेपॅरिन द्यायचे, तर नुकत्याच बायोप्सी झालेल्या मेंदूत रक्तस्रावाची भीती असते. गंमत अशी की हेपॅरिन स्वतः गुठळी रोखत नाही. ते रक्तातल्या अँटीथ्रॉम्बिनलाच धरते आणि त्याचा गोठणे रोखण्याचा वेग सुमारे हजार पटींनी वाढवते.