नामचेला दोन रात्री का काढतात?

एव्हरेस्टच्या पायथ्याकडे निघालेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांच्या खिशात कापराची पुडी असते आणि 'वर ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते' हे वाक्य तोंडी असते. वास्तविक नेपाळमधील सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या (स्थापना 1976) मोंजो येथील प्रवेशद्वारापासून 8,848.86 मीटर उंच शिखरापर्यंत हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे 21 टक्केच राहते. कमी होतो तो हवेचा दाब. 5,364 मीटरवरील बेस कँपला तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो, आणि दर श्वासागणिक मिळणारे ऑक्सिजनचे रेणूही तितकेच घटतात.

रक्तातील ही घट मानेतील धमन्यांजवळच्या इवल्याशा संवेदक पेशींना कळते आणि श्वास जलद होतो. खरी गंमत यापुढे आहे. जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते, आणि मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइडवरच लक्ष ठेवणारे मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासाला लगाम घालते. झोपेत ही ओढाताण इतकी वाढते की श्वास काही सेकंद थांबतो, मग धाप लागल्यासारखा सुरू होतो, आणि शेजारी झोपलेला दचकून उठतो. लगाम सैल करणे मूत्रपिंडांच्या हाती असते: बायकार्बोनेट हा रक्तातील अल्कधर्मी घटक लघवीवाटे टाकून ती रक्ताचा सामू पूर्ववत करू लागतात, परंतु त्यासाठी काही दिवस जावे लागतात. बेस कँपच्या वाटेवरील, 3,440 मीटर उंचीच्या नामचे बाजार या गावात दोन रात्री काढण्याचा प्रघात या संथ कामासाठीच आहे. अॅसिटाझोलामाइड हे औषध त्याला गती देते. कापूर हुंगल्याने नाकाला गारवा वाटतो, एवढेच.

दीर्घ मुक्कामात आपले रक्त तांबड्या पेशी वाढून दाट होते. शेर्पांमध्ये मात्र ईपीएएस-1 या जनुकाचे एक विशिष्ट रूप ही वाढ आवरते. तिबेटी लोकांतही आढळणारे हे रूप डेनिसोव्हन या लुप्त मानवांकडून आल्याचे 2014 मध्ये दाखवले गेले. याकची तऱ्हा आणखी वेगळी. विरळ हवेत गाईच्या फुफ्फुसातील धमन्या आकसून हृदयावर ताण येतो, याकच्या फारशा आकसत नाहीत. हेलिकॉप्टरने थेट बेस कँपजवळच्या काला पत्थर या उंचवट्यावर उतरणाऱ्या पर्यटकाजवळ ना ते जनुक असते ना नामचेच्या दोन रात्री, म्हणून छायाचित्रे काढून होताच त्याला काही मिनिटांत खाली आणतात.