स्वतःवरची प्रीती आणि आयन रँडचा स्वार्थ

‘शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ ही आज्ञा ख्रिस्ती घरात लहानपणापासून कानावर पडते. मग कॉलेजच्या वयात कुणीतरी आयन रँड या अमेरिकी लेखिकेची जाडजूड कादंबरी हातात ठेवतं आणि काही दिवस दुसरं काही सुचत नाही. त्यातून एक प्रश्न हमखास उभा राहतो. स्वतःवर प्रीती करणं आज्ञेतच गृहीत धरलंय, मग रँड वेगळं काय सांगते? तिचं तत्त्वज्ञान आणि आपला विश्वास एकत्र नांदू शकणार नाहीत का?

‘ती नास्तिक होती’ एवढं म्हणून हा प्रश्न उडवून लावणं मला पटत नाही. ती नास्तिक होतीच. पण ख्रिस्ती परंपरेतली स्वतःवरची प्रीती आणि रँडने सद्गुण ठरवलेला स्वार्थ या दोन गोष्टी बऱ्याच अंतरापर्यंत बरोबरीने चालतात, म्हणूनच त्यांची गल्लत होते. माझं मत आधीच सांगतो: त्यांचा मेळ बसत नाही. मात्र त्या नेमक्या कुठे फुटतात, याबद्दल बहुतेक प्रवचनांत चुकीच्या जागी बोट ठेवलं जातं.

रँडचा जन्म १९०५ मधला, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. वडिलांचं औषधांचं दुकान रशियन क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या बोल्शेव्हिकांनी, म्हणजे कम्युनिस्टांनी, ताब्यात घेतलं आणि खातंपितं घर उघड्यावर आलं. १९२६ मध्ये ती अमेरिकेला गेली. समाजासाठी त्याग करा म्हणणारी सत्ता घरात शिरली की काय होतं, हे तिने कोवळ्या वयात पाहिलं होतं. ‘द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस’ हा निबंधसंग्रह १९६४ मध्ये आला तेव्हा त्याचं नाव मुद्दाम डिवचणारं ठेवलेलं होतं, पण त्यात लुबाडणुकीची वकिली नव्हती. दुसऱ्याला फसवून जगणारा तिच्या लेखी परोपजीवीच. ‘ॲटलस श्रग्ड’ या १९५७ च्या कादंबरीतल्या शपथेचा आशय असा: मी कधी दुसऱ्यासाठी जगणार नाही, आणि दुसऱ्याने माझ्यासाठी जगावं असंही कधी म्हणणार नाही. या शपथेचा दुसरा अर्धा भाग तिचे टीकाकार सोयीने विसरतात.

त्यागाची तिची व्याख्याही समजून घ्यायला हवी. जास्त मोलाचं देऊन कमी मोलाचं पदरात घेणं, याला ती त्याग म्हणते. उपाशी लेकराला खाऊ घालायचं म्हणून आईने स्वतःसाठी टोपी घ्यायचं टाळलं, तर तो तिच्या मते त्याग नव्हे, कारण आईला लेकरू टोपीपेक्षा मोलाचं आहे.

आता मत्तयाच्या शुभवर्तमानातला मोत्यांचा व्यापारी पाहा. एक अत्यंत मोलवान मोती सापडल्यावर तो होतं नव्हतं ते सगळं विकतो आणि तो मोती घेतो. रँडची व्याख्या लावली तर यात त्याग कुठेच नाही. हा चोख सौदा आहे, आणि येशू स्वर्गाच्या राज्याची उपमा याच सौद्याला देतो. इब्री लोकांस पत्रातही येशूने वधस्तंभ सोसला तो पुढे ठेवलेल्या आनंदासाठी, असं लिहिलंय. स्वतःचं खरं भलं इच्छिणं हे ख्रिस्ती विश्वासात पाप नाही. तेराव्या शतकात टॉमस अक्विनास या ख्रिस्ती धर्मपंडिताने प्रीतीचा क्रम लावला तेव्हा देवानंतर स्वतःला ठेवलं आणि शेजाऱ्याला त्यानंतर. शेजाऱ्याला पापातून सोडवायचं म्हणूनही माणसाने स्वतः पाप करू नये, हे त्याचं कारण.

रँड ज्या परार्थवादावर तुटून पडते, त्याचा खरा जनक ऑग्युस्त कोंत हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच विचारवंत. ‘दुसऱ्यांसाठी जगा’ हे त्याचं ब्रीद. कोंतला देव नको होता, आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञासुद्धा त्याला पुरेशी निःस्वार्थी वाटत नव्हती, कारण तिच्यात मापदंड स्वतःचाच राहतो. रँडलाही हे दिसलं होतं. १९४६ मधल्या एका पत्रात तिने लिहिलं की प्रत्येकाच्या आत्म्याचं पावित्र्य आणि त्याचं तारण हेच पहिलं ध्येय, असं शिकवणाऱ्या पहिल्या थोर गुरूंपैकी येशू एक होता. पण त्यासाठी दिलेली नीती मात्र परार्थाची, आणि हा तिच्या मते मूळ विरोध.

तिचा एक घाव वर्मी बसतो हे मान्य करायलाच हवं. सेवेच्या नावाखाली माणसाला, त्यातही बाईला, स्वतःचं मत असू नये अशी शिकवण चर्चमध्येही पुष्कळ दिली गेली. पण ही शिकवण म्हणजेच विश्वास, असं ज्याला वाटतं त्याने पंडिता रमाबाईंची पत्रं वाचावीत. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी तिथल्या धर्माधिकाऱ्यांशी त्रिएकत्वासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीसारख्या) विषयांवर उघड वाद घातला आणि बजावलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. रँडच्या नायकांना शोभावा असा ताठ कणा. आणि त्याच बाईने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात देशोधडीला लागलेल्या मुलींसाठी हयात घालवली, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर अखेरच्या दिवसांपर्यंत केलं. स्वत्व आणि सेवा यांत एकच निवडावं लागतं असं धरून चालणाऱ्या रँडकडे रमाबाईंसाठी खण नाही.

मग फूट कुठे पडते? मजुरीच्या हिशेबात. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक पहाटे चौकातून मजूर नेतो, रोज एक दिनार ठरवून. नंतर नऊला, बाराला, तीनला आणखी नेतो. पाच वाजता, उन्हं उतरल्यावर, कुणीच कामाला न घेतलेले काही जण उभे दिसतात, त्यांनाही नेतो. संध्याकाळी पैसे वाटताना सुरुवात शेवटच्यांपासून होते, आणि सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार पडतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. मालक विचारतो, माझ्या पैशाचं मी मला वाटेल ते करू नये का? मुक्त बाजारपेठेचे ख्रिस्ती समर्थक हे वाक्य आवडीने सांगतात, आणि मालकाचा हक्क रँडही मान्य करील. पण तिच्या लेखी न्यायाने वागणारा माणूस म्हणजे व्यापारी: जो न कमावलेलं घेत नाही आणि देतही नाही. द्राक्षमळ्याचा मालक ते देतो. आणि ख्रिस्ती विश्वासात तारण म्हणजे हीच पाच वाजताची मजुरी. पहाटे आलो असं देवापुढे कुणालाच म्हणता येत नाही.

हेच येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे वाटेत जखमी परक्याला मदत करणाऱ्या वाटसरूच्या, बाबतीत. संकटात सापडलेल्या परक्याला मदत करायला रँडची ना नव्हती, पण स्वतःच्या जिवाला धोका अगदी कमी असेल तेव्हा, आणि संकट टळेपर्यंतच. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारू नुकतेच एकाला अर्धमेला टाकून गेलेले असताना शोमरोनी थांबतो. उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार देतो, आणि वर सांगतो की जास्त खर्च झाला तर परत येताना भरीन. ना ओळख, ना परतफेडीची आशा, ना खर्चाला मर्यादा.

वधस्तंभाबद्दल रँड १९६४ च्या एका मुलाखतीत स्पष्ट बोलली: आदर्श माणसाचा आदर्श नसलेल्यांसाठी बळी, हा तिला त्याचा अर्थ दिसला आणि तो तिला असह्य वाटला. मला वाटतं, तिने वधस्तंभ पुष्कळ पाळकांपेक्षा नीट ओळखला होता. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असं पौल रोमकरांस लिहितो तेव्हा तोही तेच सांगतो, फक्त कृतज्ञतेने. तिच्याकडून निसटलं ते योहानातलं वाक्य: माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. बोल्शेव्हिकांनी दुकान घेतलं होतं. घेणं आणि देणं यांतला हा फरक ती वधस्तंभापाशी पाहू शकली नाही.

अर्थकारणात रँडचा आणि ख्रिस्ती माणसाचा रस्ता काही काळ एक होऊ शकतो. मालमत्तेचा हक्क, सरकारी जुलमाला विरोध, कामाचा अभिमान, दुसऱ्याच्या यशाचा मत्सर न करणं, हे सगळं मानायला ख्रिस्ती माणसाला रँडची गरज नाही आणि अडचणही नाही. कॅथलिक असलेले अमेरिकी नेते पॉल रायन २००५ मध्ये रँडच्या चाहत्यांच्या मेळाव्यात म्हणाले होते की आपण सार्वजनिक जीवनात आलो ते तिच्यामुळे. २०१२ मध्ये, उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळण्याच्या काही महिने आधी, त्यांनी तिचं तत्त्वज्ञान नाकारलं आणि त्यापेक्षा आपल्याला टॉमस अक्विनास द्या, असं सांगितलं. ही अदलाबदल सोपी नाही. अक्विनास मालमत्तेचा हक्क मानतो, पण माणूस मरणाच्या दारात असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर त्याने दुसऱ्याच्या साठ्यातलं उघडपणे किंवा लपूनछपून घेतलं तरी ती चोरी नव्हे, असं त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय.