तार्तिनीचे स्वप्न

इटालियन व्हायोलिनवादक व रचनाकार जुझेप्पे तार्तिनी (१६९२–१७७०) याला पडलेले सैतानाच्या व्हायोलिनवादनाचे स्वप्न. ‘डेव्हिल्स ट्रिल’ नावाने गाजलेला त्याचा जी मायनर या स्वरश्रेणीतील सोनाटा (वाद्यासाठीची अनेक भागांची रचना) या स्वप्नातून आला, असे मानले जाते.

ही हकीकत झेरोम लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने आपल्या इटलीच्या प्रवासवर्णनात १७६९ साली छापली. सांगणारा खुद्द तार्तिनीच. साल १७१३. स्वप्नात तार्तिनीने आपला आत्मा सैतानाला विकला होता आणि हा नवा चाकर मनातले ओळखून सारे करत होता. याला वाजवता तरी येते का, हे पाहावे म्हणून त्याने आपले व्हायोलिन त्याच्या हाती दिले. पुढे जे कानी पडले त्याने त्याचा श्वासच अडकला आणि जाग आली. त्याने तसेच व्हायोलिन उचलले, ऐकलेले बोटांत धरून ठेवायची धडपड केली. ते हाती लागले नाही. त्यानंतर रचलेला सोनाटा आपली सर्वांत उत्तम कृती, हे त्याला मान्य होते. पण स्वप्नातल्या वादनापुढे ती इतकी उणी, की पोटापाण्याची दुसरी सोय असती तर व्हायोलिन फोडून संगीत कायमचे सोडले असते, असे तो म्हणाला. पुढच्या काळातल्या चित्रांत सैतानालाच महत्त्व मिळाले. खरे तर या हकीकतीचा जीव या एका कबुलीत आहे.

सोनाटाच्या शेवटच्या भागात ती प्रसिद्ध ट्रिल येते. ट्रिल म्हणजे लगतच्या दोन स्वरांची झपाट्याने होणारी आलटापालट. येथे एका तारेवर ती अखंड थरथरत असते आणि त्याच वेळी उरलेल्या बोटांनी शेजारच्या तारेवर वेगळी धून चालवायची असते. एकच गज दोन्ही तारांवरून फिरतो. डोळे मिटून ऐकले तर दोघे वाजवत आहेत असे वाटते. रचनेची शैली पाहता ती १७१३ नंतर बऱ्याच वर्षांनी झाली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. छापली गेली तीही तार्तिनीच्या मृत्यूनंतर, अठराव्या शतकाच्या अखेरीस, पॅरिसमध्ये.

स्वप्नाइतकीच नवलाची गोष्ट तार्तिनीला जागेपणी ऐकू आली. त्याच्याच सांगण्याप्रमाणे १७१४ साली, इटलीतील आंकोना येथे, दोन तारा एकत्र वाजवताना त्याला कोणीच न वाजवलेला एक खालचा स्वर ऐकू आला. याला त्याने ‘तिसरा नाद’ म्हटले. सेकंदाला ४४० आणि ६६० कंपनांचे स्वर एकत्र जोरात वाजले, तर त्यांच्या फरकाचा, २२० कंपनांचा स्वर कानाला जाणवतो. तो मुख्यतः अंतर्कर्णातच तयार होतो. आपल्याकडे तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार याची आठवण करून देतो, मात्र त्याचे कारण निराळे: तो गंधार तारेच्या कंपनातच असतो.

इटलीतील पादुआ शहरात शिष्यांना शिकवताना तार्तिनीने हा नाद कसोटीसारखा वापरला. दोन तारांवरचे स्वर धरायचे आणि खालचा नाद ऐकायचा. तो आला नाही, तर स्वर जुळलेले नाहीत. बोट किंचित सरकवून पुन्हा गज फिरवायचा.